ऊर्जेचा मनोरा उलटा का होत नाही? (परिसंस्थेच्या प्राथमिक संकल्पना, मदत हवी)

पालवी (धागाकर्ती)

नमस्कार. पर्यावरणशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. परिसंस्थेचं प्रकरण तीनदा वाचलं, व्याख्या पाठ झाल्या, तरी एका ठिकाणी गाडी अडली आहे.

पुस्तकात तीन मनोरे दिलेत, तळाला वनस्पती आणि वरच्या प्रत्येक पायरीवर खालच्यांना खाणारे: संख्येचा, जैवभाराचा (म्हणजे सजीवांच्या एकूण वजनाचा) आणि ऊर्जेचा. पहिले दोन सरळ असतात, कधी उलटेही असतात. ऊर्जेचा मात्र कायम सरळ. संख्येचा उलटा कसा होतो ते कळलं, एका झाडावर हजारो किडे जगतात. पण समुद्रात जैवभाराचा मनोरा उलटा असू शकतो, म्हणजे खाणाऱ्यांचं एकूण वजन त्यांच्या खाद्यापेक्षा जास्त, हे वाचलं आणि डोकं चालेनासं झालं. खाद्य कमी आणि खाणारे जास्त, तर खाणारे उपाशी मरायला हवेत ना? शिवाय वजन उलटं असताना त्याच पाण्यात ऊर्जा सरळ कशी? ऊर्जा तर त्या वजनातच साठलेली असते.

वर्गात विचारलं तर "तो अपवाद आहे, तसाच लक्षात ठेवा" असं उत्तर मिळालं. लक्षात राहीलही, पण मला समजून घ्यायचंय.

दुसरा प्रश्न. "ऊर्जा वाहते, द्रव्य फिरतं" हे वाक्य जिकडे तिकडे आहे. ऊर्जा का फिरत नाही? लांडगा मेला की विघटक त्याला खातात. मग त्याच्यातली ऊर्जा परत झाडाला का मिळत नाही?

अंजन

दुसऱ्याचं आधी सांगतो. झाड मुळांवाटे पाणी आणि क्षार घेतं, ऊर्जा घेत नाही. विघटकांनी लांडग्याचा फडशा पाडला की नायट्रोजन, फॉस्फरस मातीत मोकळे होतात, कार्बन हवेत जातो. हे सगळं झाडाला पुन्हा वापरता येतं. ऊर्जा मात्र बुरशी आणि जिवाणूंच्या श्वसनात उष्णता होऊन निघून जाते. उष्णतेवर प्रकाशसंश्लेषण चालत नाही, त्याला प्रकाशच लागतो. म्हणून झाडाला दर सकाळी नव्याने सूर्यावर अवलंबून राहावं लागतं.

पहिल्यासाठी दहा टक्क्यांचा नियम बघ. प्रत्येक पायरीवर ९० टक्के ऊर्जा उष्णता होऊन जाते, १० टक्के वर पोचते. मग मनोरा उलटा होईलच कसा?

पालवी

धन्यवाद अंजन, दुसरा प्रश्न सुटला. पहिला मात्र तिथेच आहे. ऊर्जा दर पायरीला कमी होत असेल तर वजनही दर पायरीला कमीच व्हायला हवं. मग समुद्रात ते वाढतं कसं?

पाणथळ

पालवी, हा अपवाद नाही, या विषयाचा गाभा आहे. "तसाच लक्षात ठेवा" म्हणून सोडून दिला नाहीत ते फार बरं केलंत. जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही वजन आणि ऊर्जा एकाच मापाने मोजताय. वजनात ऊर्जा साठलेली असते हे खरंच. पण पुस्तकातला जैवभाराचा मनोरा साठा दाखवतो आणि ऊर्जेचा मनोरा वेग दाखवतो. दोन्हींची एककं शेजारी शेजारी लिहून पाहा. जैवभार: दर चौरस मीटरला इतके ग्रॅम. ऊर्जा: दर चौरस मीटरला, दर वर्षाला, इतक्या किलोकॅलरी. पहिल्यात काळाचा पत्ताच नाही. तो एका क्षणाचा फोटो आहे. दुसरा वर्षभराचा जमाखर्च आहे.

हिशेबासाठी सोपे आकडे धरू. समुद्राच्या एका तुकड्यात २० ग्रॅम वनस्पतिप्लवक आहेत, म्हणजे पाण्यात तरंगणारी सूक्ष्म शैवालं. ती दिवसाला दुप्पट होतात, म्हणजे रोज २० ग्रॅमची भर पडते. त्यांच्यावर जगणारे प्राणिप्लवक ५० ग्रॅम आहेत आणि ते रोज नेमकी तेवढी भर खाऊन टाकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी वजन केलं तर? शैवाल २०, खाणारे ५०. मनोरा उलटा. महिनाभर रोज मोजा, रोज उलटाच दिसेल. आता महिन्याचा जमाखर्च मांडा. शैवालांनी ६०० ग्रॅम तयार केले. खाणाऱ्यांच्या अंगी त्यातले समजा ६० ग्रॅम लागले, आणि तेवढेच माशांनी खाल्ले, म्हणून त्यांचं वजन ५० वर टिकून राहिलं. खाली ६००, वर ६०. वेगाचा मनोरा सरळ उभा आहे आणि उपाशी कोणीच नाही. खाणाऱ्याचं पोट खाद्याच्या ढिगावर भरत नाही, ढीग किती भराभर भरून येतो त्यावर भरतं.

हे माझे कल्पित आकडे झाले, आता खरे घ्या. पृथ्वीवरच्या वनस्पतींमध्ये सुमारे ४५० अब्ज टन कार्बन आहे, जवळपास सगळा जमिनीवर आणि त्यातला बराचसा खोडांत, मुळांत. समुद्रातल्या प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवांमध्ये आहे फक्त १ अब्ज टनाच्या आसपास. पण वर्षभराचं निव्वळ प्राथमिक उत्पादन, म्हणजे वनस्पतींचा स्वतःचा खर्च वजा जाता उरणारं, बघितलं तर एकूण साधारण १०५ अब्ज टन कार्बनांपैकी जमिनीचा वाटा ५६ च्या आसपास आणि समुद्राचा ४८ च्या आसपास. साठा साडेचारशे पटीने कमी, उत्पादन जवळजवळ बरोबरीला!

साठ्याला वेगाने भागा. जमिनीवर ४५० भागिले ५६, म्हणजे सुमारे आठ वर्षं. समुद्रात १ भागिले ४८, म्हणजे जेमतेम आठवडा. अख्ख्या समुद्रातली हिरवळ सरासरी आठवड्याभरात नवी होते. या भागाकाराला निवासकाल म्हणतात. तो पुढे जलचक्रात, कार्बनचक्रात पुन्हा पुन्हा भेटेल, तेव्हा आत्ताच ओळख करून घ्या.

शक्य असेल तर एक गोष्ट डोळ्यांनी पाहा. साचलेल्या हिरवट पाण्यातली डॅफ्निया, म्हणजे पाणपिसू, सूक्ष्मदर्शकाखाली घ्या. अंग काचेसारखं आरपार दिसतं. पाठीकडे हृदय इतकं भराभर उडतं की ठोके मोजताना दमछाक होते. त्याच्या मागे पिशवीत अंडी, आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत एक वाकडी हिरवीगार नळी. ती हिरवी नळी म्हणजे तिचं आतडं, शैवालांनी ठासून भरलेलं. पाण्यात थोडं यीस्ट मिसळलं तर नवा पांढुरका घास त्या हिरव्याला मागे ढकलताना दिसतो. इतका भरभर चालणारा व्यवहार एका वजनाच्या आकड्यात कसा मावेल?

अंजन, तुमच्या प्रतिसादात एक दुरुस्ती. उरलेली ९० टक्के ऊर्जा सगळीच उष्णता होत नाही. गळती तीन ठिकाणी होते. बरंचसं खाद्य कोणी खातच नाही, ते मरून विघटकांकडे जातं. खाल्लेल्यातलं काही पचत नाही, विष्ठेवाटे जातं, तेही विघटकांकडे. आणि जे पचलं त्यातलं खूपसं श्वसनात खर्च होतं. शेवटची तेवढी थेट उष्णता. जंगलात पहिली गळती सर्वांत मोठी असते. बहुतेक पानं जिवंतपणी कोणाच्या तोंडीच लागत नाहीत, गळून पडल्यावर बुरशी, जिवाणू आणि गांडुळांच्या वाट्याला येतात. चराऊ अन्नसाखळी पुस्तकात पानभर असते आणि विघटकांच्या साखळीला चार ओळी मिळतात. प्रत्यक्षात बहुतेक जंगलांत ऊर्जेचा मोठा ओघ त्या चार ओळींतून जातो.

कातळ

पाणथळ, फार नेमकं लिहिलंत. दहा टक्क्यांबद्दल मीही भर घालतो, कारण "नियम" हा शब्द मला खटकतो.

पायऱ्या-पायऱ्यांनी ऊर्जेचा हिशेब मांडण्याची रीत रेमंड लिंडमनची. मिनेसोटातल्या सीडर बॉग लेक या लहानशा तळ्याचा त्याने अभ्यास केला. १९४२ साली निबंध प्रसिद्ध झाला. आधी तो नाकारला गेला होता, फार सैद्धांतिक आहे म्हणून. त्याचे मार्गदर्शक, परिसंस्थाशास्त्रज्ञ हचिन्सन यांनी पाठपुरावा केला तेव्हा छापला गेला, पण तोवर लिंडमन हयात नव्हता. सव्वीसाव्या वर्षी गेला तो. त्या तळ्यात त्याला शाकाहाऱ्यांची कार्यक्षमता १३.३ टक्के आणि त्यांच्यावर जगणाऱ्यांची २२.३ टक्के मिळाली. दहा कुठेच नाही.

मग १९५७ साली हॉवर्ड ओडमने फ्लोरिडातल्या सिल्व्हर स्प्रिंग्ज या झऱ्याचा हिशेब मांडला. दर चौरस मीटरला दर वर्षी किलोकॅलरीत: उत्पादकांचं सकल उत्पादन २०,८१०, शाकाहाऱ्यांकडे ३,३६८, मांसाहाऱ्यांकडे ३८३, सर्वांत वरच्यांकडे २१. भागाकार करा: १६, ११ आणि साडेपाच टक्के. सरासरी दहाच्या आसपास जाते, म्हणून दहा हा आकडा रूढ झाला. ढोबळ अंदाज म्हणून ठीक आहे.

यातच एक जोडी कळून घ्या, प्रश्नपत्रिकेत हमखास गोंधळ होतो. २०,८१० हे सकल उत्पादन. त्यातलं वनस्पतींनी स्वतःच्या श्वसनाला वापरलं, ते वजा जाता उरलं ८,८३३. हे निव्वळ. निम्म्याहून जास्त वनस्पतींनी स्वतःच खर्च केलं. खाणाऱ्यांसाठी उपलब्ध असतं ते निव्वळच.

सावली

वाचतेय, धागा साठवून ठेवला. एक प्रश्न मध्येच विचारते. उष्ण रक्ताच्या आणि थंड रक्ताच्या प्राण्यांत हा आकडा वेगळा असतो का?

कातळ

खूपच वेगळा. पचलेल्या अन्नातलं किती अंगी लागतं ते बघितलं तर पक्षी आणि सस्तन प्राण्यांत साधारण १ ते ३ टक्के. बाकी सगळं शरीर ऊबदार ठेवण्यात आणि धावपळीत जातं. पुष्कळ कीटकांत आणि इतर अपृष्ठवंशी प्राण्यांत तोच आकडा २० टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणजे मध्ये कोणते प्राणी आहेत यावर साखळी किती लांब होईल हे बरंच ठरतं. पाण्यातल्या साखळ्या लांब असतात त्यामागे हेही एक कारण आहे.

दगडफूल

साठा आणि वेग यांची गल्लत केली की काय होतं, त्याचं मला माहीत असलेलं सर्वांत जळजळीत उदाहरण सांगतो.

बेरिंग समुद्रात सेंट मॅथ्यू नावाचं निर्जन बेट आहे. १९४४ साली अमेरिकन तटरक्षक दलाने तिथे २९ रेनडिअर सोडले, तिथल्या माणसांना अडीअडचणीला अन्न म्हणून. युद्ध संपलं, माणसं निघून गेली, रेनडिअर राहिले. बेटावर त्यांना खाणारं कोणी नाही आणि जमिनीवर लायकेनचा, म्हणजे आमच्या दगडफूल मंडळींचा, जाडजूड गालिचा. १९५७ मध्ये १,३५० झाले. १९६३ मध्ये ६,०००. नंतरचा एक हिवाळा विलक्षण कडक गेला आणि १९६६ साली मोजले तेव्हा उरले होते ४२. त्यांतला नर एकच, आणि तोही प्रजननाला सक्षम वाटत नव्हता. १९८० च्या दशकापर्यंत बेट पुन्हा रिकामं झालं.

आता हे पाणथळ यांच्या भाषेत वाचा. गालिचा हा साठा होता, कित्येक दशकांत साचलेला. लायकेन वर्षाला काही मिलिमीटरच वाढतं. साठा बघितला तर बेट हजारो जनावरं पोसू शकेल असं वाटतं, आणि काही वर्षं ते खरंही ठरतं. वेग बघितला तर ते बेट कितीतरी कमी जनावरांचं होतं. ती जनावरं दरवर्षीची वाढ खात नव्हती, मुद्दलच खात होती. वहनक्षमता, म्हणजे एखादी जागा कायम पोसू शकेल एवढी संख्या, ही ग्राफवरची एक आडवी रेघ असते, असं आपण शिकतो. इथे रेनडिअरांनी खाऊन खाऊन ती रेघच खाली आणली.

लॉजिस्टिक वक्र, म्हणजे संख्यावाढीचा इंग्रजी S सारखा आलेख, शिकताना वाटतं की संख्या हळूच येऊन त्या रेघेला टेकते. टेकते, पण बातमी लगेच पोचत असेल तरच. भूक लागेपर्यंत पाडसं जन्माला आलेली असतात, आणि हा उशीर जितका मोठा तितकी संख्या रेघ ओलांडून पुढे जाते.

पालवी

अंगावर काटा आला वाचून. ४२ हा आकडा विसरणार नाही.

समुद्राचं आता नीट कळलं. तुमच्या २० आणि ५० च्या हिशेबात मी शैवालाचा वेग निम्मा करून पाहिला: रोज १० ग्रॅमच भर. मग खाणाऱ्यांना अर्धंच मिळतं आणि त्यांनी पूर्वीएवढंच खाल्लं तर शैवालाचा साठा दोन दिवसांतच संपतो. म्हणजे उलटा मनोरा टिकतो तो खालचे जीव भरभर वाढतात म्हणूनच. बरोबर?

अजून एक: ऊर्जा वर जाताना कमी होते, मग डीडीटीसारखं विष वर जाताना वाढतं कसं? तीच साखळी, तेच घास.

पाणथळ

अगदी बरोबर, आणि आकडे बदलून पाहिलेत ही सवय सोडू नका.

डीडीटीचं उत्तर अंजनच्या पहिल्या प्रतिसादात दडलंय. घासातला कार्बन श्वसनात जळतो आणि बाहेर पडतो. डीडीटी जळत नाही, सहजी विघटित होत नाही, आणि चरबीत विरघळत असल्यामुळे लघवीवाटेही जात नाही. दहा किलो छोटे मासे खाऊन मोठ्या माशाचं वजन एक किलोने वाढलं, तर नऊ किलो गेले पण त्यांच्यातलं विष बहुतांशी मागे राहिलं. पाठ्यपुस्तकांत नेहमी दिले जाणारे आकडे दशलक्षांश भागांत असे: प्राणिप्लवक ०.०४, लहान मासे ०.५, मोठे मासे २, मासे खाणारे पक्षी २५. पक्ष्यांत त्यामुळे अंड्यांची कवचं पातळ झाली आणि उबवतानाच फुटू लागली. अमेरिकेने १९७२ साली डीडीटीच्या बहुतेक वापरांवर बंदी घातली, त्यानंतर ऑस्प्रे आणि बॉल्ड ईगल यांची संख्या सावरली.

इथेही साठा आणि वेगच आहे. आत येण्याचा वेग बाहेर जाण्याच्या वेगापेक्षा जास्त, म्हणून साठा वाढत जातो.

सावली

म्हणजे ॲमेझॉनचं जंगल जगाला २० टक्के ऑक्सिजन देतं हे जे सांगतात, तो वेग आहे की साठा? मी आमच्या सादरीकरणात "पृथ्वीची फुप्फुसं" असं लिहिलंय.

अंजन

सावली, ते वाक्य काढून टाक. ॲमेझॉनमध्ये प्रकाशसंश्लेषण प्रचंड होतं, ऑक्सिजनही प्रचंड बाहेर पडतो. पण तीच झाडं रात्रंदिवस श्वसन करतात, आणि गळलेली पानं, पडलेली खोडं कुजवताना विघटक उरलेला ऑक्सिजन वापरतात. जमा आणि खर्च जवळजवळ सारखे. हवेतला २१ टक्के ऑक्सिजन हा कोट्यवधी वर्षांत साचलेला साठा आहे. ज्या सेंद्रिय कार्बनाला कुजायला मिळालं नाही, जो समुद्रतळाच्या गाळात गाडला गेला, त्याच्या बदल्यात तेवढा ऑक्सिजन हवेत शिल्लक राहिला.

जंगल वाचवण्याची कारणं याने तसूभरही कमी होत नाहीत. तिथे लाकडात आणि मातीत अडकलेला कार्बन, तिथली जैवविविधता, झाडांनी हवेत सोडलेल्या बाष्पावर पडणारा पाऊस, ही सगळी खरी कारणं आहेत. ती लिही.

दगडफूल

ॲमेझॉनचा विषय निघालाच आहे तर मातीचंही सांगून टाकतो. एवढी घनदाट झाडी म्हणजे खाली माती किती कसदार असेल, असं कुणालाही वाटतं. विषुववृत्तीय जंगलात पानगळ भरपूर, पण जमिनीवरचा पाचोळ्याचा थर पातळ, कारण उष्ण-दमट हवेत तो काही महिन्यांत कुजतो आणि मुळं क्षार लगेच उचलून घेतात. क्षार मातीत थांबतच नाहीत, बहुतेक सगळे जिवंत झाडांत असतात. झाडी कापून नेली की माती लवकरच निकस होते. याउलट उत्तरेकडच्या थंड दलदलीत झाडोरा खुरटा, वाढ अगदी सावकाश, पण कुजणं त्याहून सावकाश. तिथे पीटचे, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे, थर कित्येक मीटर जाड साचलेत.

कातळ

अनुक्रमणाकडेही, म्हणजे ओसाड जागेवर सजीव टप्प्याटप्प्याने वस्ती करतात त्याकडेही, याच चष्म्यातून बघता येतं. आइसलंडजवळ १९६३ साली समुद्रातून ज्वालामुखीने सुर्टसे बेट वर काढलं. १९६५ मध्ये पहिली वाहिनीयुक्त वनस्पती सापडली. त्यानंतर बरीच वर्षं प्रगती अगदी धिमी, कारण लाव्हात नायट्रोजनच नाही. १९८० च्या दशकात कुरवपक्ष्यांची वसाहत झाली, त्यांच्या विष्ठेतून समुद्रातला नायट्रोजन जमिनीवर यायला लागला आणि मग हिरवळ झपाट्याने पसरली. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे! साठा डोक्यावर अफाट, पण तो वनस्पतीच्या उपयोगाच्या रूपात आणणारे जिवाणू नसतील तर मुळाला त्यातलं काहीच मिळत नाही.

सावली

वाक्य काढलं. 🙂 आता शेवटचा प्रश्न, उद्या तोंडी परीक्षा आहे. अधिवास आणि निश यांतला फरक. "अधिवास म्हणजे पत्ता, निश म्हणजे व्यवसाय" एवढंच माहीत आहे. हेही साठा-वेगानेच समजतं का?

पाणथळ

नाही. इथे ती किल्ली लागत नाही आणि ओढूनताणून लावूही नये. निश समजायला एक प्रयोग डोळ्यांसमोर ठेवा.

जोसेफ कॉनेल याने स्कॉटलंडच्या खडकाळ किनाऱ्यावर बार्नेकलच्या दोन प्रजाती पाहिल्या. बार्नेकल म्हणजे खडकाला कायमचे चिकटून राहणारे, कवचातले छोटे कवचधारी प्राणी. खडकाच्या वरच्या भागात कॅथॅमलस, खालच्या भागात बॅलॅनस. दोघांची पिल्लं मात्र दोन्हीकडे येऊन चिकटत होती. कॉनेलने काय केलं, तर काही दगडांवरून बॅलॅनस खरवडून काढला आणि वाट पाहिली. कॅथॅमलस खालीही मजेत वाढला. म्हणजे खाली राहण्याची क्षमता त्याच्यात होतीच, बॅलॅनस त्याच्या अंगावर चढून, त्याला खडकावरून उचकटून हाकलत होता. उलट बॅलॅनस वर जाऊ शकत नव्हता, कारण ओहोटीच्या वेळी वर फार वेळ कोरडं राहावं लागतं आणि ते त्याला सोसत नाही. हा अभ्यास १९६१ साली प्रसिद्ध झाला.

कॅथॅमलस जिथे जिथे जगू शकतो ती त्याची मूलभूत निश. शेजाऱ्याने ठेवलेली वरची पट्टी ही त्याची प्रत्यक्ष निश. या दोन कल्पना हचिन्सन यांनी १९५७ साली मांडल्या होत्या. लिंडमनला साथ देणारे तेच हे हचिन्सन. पत्ता-व्यवसायाच्या उपमेत शेजारी कुठेच येत नाही, म्हणून मला ती अपुरी वाटते. परीक्षकांना कॅथॅमलस सांगा.

वेळ असला तर त्यालाच जोडून रॉबर्ट पेन. वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर त्याने एका पट्ट्यातले पिसास्टर तारामासे सतत काढून टाकले. शिंपल्यांना खाणारं कोणी उरलं नाही, शिंपल्यांनी जागा व्यापली आणि १५ प्रजातींच्या ८ झाल्या. तारामासे संख्येने आणि वजनाने थोडेच होते. कळीची प्रजाती ही संकल्पना त्यातूनच आली.

पालवी

आज प्रयोगशाळेत परवानगी काढून डॅफ्निया पाहिली. बाटलीतलं पाणी फिकट हिरवं होतं, शैवालं नुसत्या डोळ्यांना वेगळी दिसतसुद्धा नव्हती, आणि त्यात पाणपिसवा मात्र ढिगाने उड्या मारत होत्या. उलटा मनोरा बाटलीतच!

थेंबभर यीस्टचं पाणी घातलं आणि घड्याळ लावून बसले. सुरुवातीला आतडं पूर्ण हिरवं. काही मिनिटांनी डोक्याकडचा भाग पांढुरका झाला आणि हिरवा-पांढरा असा स्पष्ट सांधा दिसायला लागला. तो सांधा मागे मागे सरकत गेला. मध्येच शेपटीकडून एक हिरवी गोळी बाहेर पडली. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा शेवटचं वळण तेवढं हिरवं उरलं होतं. तिच्या पिशवीत सात अंडी होती. उद्या त्याच बाटलीतून पुन्हा घेणार आहे.